बफर द्रावण: सूत्र सोपं, बाटलीवरचं लेबल अवघड

"सर, दोनशे लिटरच्या ड्रममधी चार लिंबं पिळले, तरी ती पट्टी जागची हालंना."

खरिपाच्या फवारणीच्या दिवसांत गावाकडून असा एखादा फोन येतोच. पट्टी म्हणजे सामू (पीएच, पाणी किती आंबट की खारट-अल्क याचा आकडा) बघायची कागदी पट्टी, आणि लिंबं तो सामू खाली आणायला. लिंबात खोट नसते आणि पट्टीतही नसते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट मुरलेलं असतं. त्यात आम्ल पडलं की थोड्या बायकार्बोनेटचं कार्बोनिक आम्ल होतं, आणि सौम्य आम्ल व त्याचाच क्षार हे दोघं एका ड्रममध्ये आले की सामू सहजी हलत नाही. प्रयोगशाळेत आपण काटेकोर वजनं करून जे बफर द्रावण बनवतो, ते जमिनीखाली फुकट तयार असतं.

हा लेख ते मुद्दाम बनवण्याबद्दल आहे: बी.एस्सी.च्या पोरांसाठी, माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी, आणि औषध कंपनीत नव्यानं लागलेल्यांसाठी. इतकी वर्षं प्रात्यक्षिकं घेतल्यावर माझं मत पक्कं झालंय, की सूत्रात चुकणारे फार थोडे. बाकीचे बाटलीत, पाण्यात आणि हवामानात चुकतात. म्हणून सूत्र लवकर उरकतो आणि बाटलीपाशी जरा जास्त रेंगाळतो.

आम्ल कोणतं घ्यायचं

प्रत्येक सौम्य आम्लाचा एक ठरलेला आकडा असतो, पीकेए. ज्या सामूला ते आम्ल निम्मं आम्लरूपात आणि निम्मं क्षाररूपात असतं, तो हा आकडा. बफर तिथंच सगळ्यात दमदार असतो आणि दोन्ही बाजूंना एकेक सामूपर्यंत कसाबसा टिकतो. फॉर्मिक आम्लाचा पीकेए ३.७५, बेन्झोइकचा ४.२०, ॲसेटिकचा ४.७६. सायट्रिकचे तीन आहेत: ३.१३, ४.७६ आणि ६.४०. सामू ७ च्या आसपास काम असेल तर फॉस्फेट, पीकेए ७.२०.

"घरात ॲसेटिक आहे, त्याचाच ७ चा बफर करतो" असं कुणी म्हणालं तर हिशेब करून दाखवा. एका भाग आम्लाला सुमारे १७४ भाग क्षार घालावा लागेल. आकडा मीटरवर दिसेल, पण आम्लारीचा थेंब पडला की पळेल.

मातीतलं पालाश काढायला आपण सामू ७ चं एक नॉर्मल अमोनियम ॲसेटेट वापरतो. तो ७ हा आकडा ॲसेटिकचा ४.७६ आणि अमोनियमचा ९.२५ यांच्या बरोबर मधल्या खड्ड्यात पडतो. म्हणजे द्रावण कितीही दाट असलं तरी त्या सामूला त्याची पकड ढिली असते. म्हणूनच त्याचा सामू वापरायच्या दिवशी पुन्हा तपासावा. महिन्याभरापूर्वीच्या लेबलवर भिस्त ठेवू नये.

हिशेब

अमेरिकेतल्या हेंडरसननं १९०८ मध्ये आम्ल-क्षाराचं समीकरण मांडलं. १९०९ मध्ये सोरेन्सननं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सामूची मोजपट्टी दिली (ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची, हे वर्गात सांगितलं की मागचा बाक जागा होतो). पुढे डेन्मार्कच्याच हॅसलबाखनं १९१६ मध्ये हेंडरसनचं समीकरण लॉगच्या रूपात लिहिलं:

सामू = पीकेए + लॉग (क्षार ÷ आम्ल)

आता एक लिटर, ०.१ मोलर (म्हणजे लिटरला ०.१ मोल), सामू ५.०० चा ॲसेटेट बफर करू. ५.०० मधून ४.७६ वजा केले की ०.२४ उरतात. ०.२४ चा प्रतिलॉग १.७४. म्हणजे एका भाग आम्लाला १.७४ भाग क्षार, एकूण २.७४ भाग. आपल्याकडे एकूण ०.१ मोल आहे, त्याची वाटणी अशी:

आम्ल: ०.१ ÷ २.७४ = ०.०३६५ मोल
क्षार: उरलेलं ०.०६३५ मोल

झालं. ०.१ मोलर म्हणजे आम्ल आणि क्षार *मिळून* ०.१, प्रत्येकी नव्हे. एवढं एक वहीत अधोरेखित करून ठेवा.

बाटलीपाशी थांबा

सोडियम ॲसेटेट दोन रूपांत मिळतं. एक निर्जल, रेणुभार ८२.०३. दुसरं पाण्याचे तीन रेणू घेऊन बसलेलं ट्रायहायड्रेट, रेणुभार १३६.०८. कपाटात दोन्ही बाटल्या शेजारी असतात, रंग तोच, झाकण तेच. आपल्या ०.०६३५ मोलसाठी निर्जल ५.२१ ग्रॅम लागेल आणि ट्रायहायड्रेट ८.६४ ग्रॅम. अदलाबदल झाली तर काय होतं बघा. निर्जलचा आकडा धरून ट्रायहायड्रेट तोललं, तर क्षार ०.०३८३ मोलच पडेल आणि सामू ४.७८ वर अडकेल. उलट केलं तर सामू ५.२२ होईल. पोरं मग मीटरला शिव्या देतात.

त्यात आपलं हवामान भर घालतं. एप्रिल-मेच्या कोरड्या, भाजणाऱ्या हवेत ट्रायहायड्रेटचे खडे पाणी सोडतात आणि वरचा थर पांढरा, भुरभुरीत होतो. म्हणजे तेवढ्याच वजनात क्षार जास्त. पावसाळ्यात निर्जल पूड उलटं करते, हवेतलं पाणी ओढून गोळे धरते. म्हणजे तेवढ्याच वजनात क्षार कमी. लेबलवरचा रेणुभार बाटली पहिल्यांदा उघडली त्या दिवसापुरता खरा. झाकण घट्ट लावा, वजन भरभर करा, आणि बाटली फार जुनी असेल तर पुढे सांगितलेली तिसरी रीत धरा.

ॲसेटिक आम्लाचं दुखणं हिवाळ्यातलं. शुद्ध, म्हणजे ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १६.६ अंश सेल्सिअसला गोठतं. परभणी-नांदेडकडच्या डिसेंबरच्या सकाळी प्रयोगशाळा उघडावी तर बाटलीत बर्फासारखा गोळा. घाबरायचं कारण नाही, माल खराब झालेला नसतो. पण अर्धवट गोठलेल्या बाटलीतलं वरवरचं पातळ आम्ल ओतून घेऊ नका. शुद्ध आम्ल आधी गोठतं आणि पाणी पातळ भागात साचतं, म्हणून ते ओतलेलं आम्ल हिशेबापेक्षा फिकं निघतं. झाकण किंचित सैल करून बाटली कोमट पाण्यात उभी करा, सगळं विरघळू द्या, झाकण घट्ट करून हलक्या हातानं हलवा आणि मगच घ्या. बर्नरजवळ तर मुळीच नेऊ नका, त्याची वाफ पेट घेते. कातडीवर पडलं तर चटका बसतो आणि फोड येतो, म्हणून हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी. पिपेटला रबरी फुगा लावा. तोंडानं ओढायचे दिवस गेले.

आपल्याला लागणारं आम्ल ०.०३६५ × ६०.०५ = २.१९ ग्रॅम. घनता १.०४९ धरली तर २.०९ मिली. शक्य असेल तर बीकरमध्ये थोडं पाणी घेऊन तराजूवर वजनानंच घ्या. मेमध्ये खोली चाळिशीला टेकलेली असताना मिलीपेक्षा ग्रॅम भरवशाचे.

पाणी

नळाचं किंवा बोअरचं पाणी का नको, ते आकड्यांत सांगतो. समजा बोअरच्या पाण्याची अल्कता लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. म्हणजे लिटरला ८ मिलिमोल बायकार्बोनेट. ते आपल्या ३६.५ मिलिमोल आम्लातलं ८ गिळेल आणि तेवढाच क्षार वाढवेल. सामू ५.०० ऐवजी ५.१६. फॉस्फेट बफरचं तर आणखी वाईट, पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून द्रावण दुधाळ होतं.

ऊर्ध्वपातित पाणी उत्तम. ते नसेल तर डीमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणीही चालतं. आरओच्या जारचं पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी नव्हे, पण मीटरवर सामू जुळवून घेणार असाल तर साध्या प्रात्यक्षिकाच्या ॲसेटेट बफरला त्यानं फारसं बिघडत नाही. सूक्ष्म मूलद्रव्यं मोजायची असतील तर ते वापरू नका.

ऊर्ध्वपातित पाण्याचा सामू मीटरवर ५.६ च्या आसपास दिसला म्हणून पोरं येऊन सांगतात, "सर, पाणी खराब आहे." खराब नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलाय, तोही इतका थोडा की आपल्या बफरला जाणवणारसुद्धा नाही.

जाता जाता. एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी मिळवायला थंडाव्याचं कितीतरी लिटर पाणी नळातून वाहून जातं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आम्ही यंत्राची ती नळी मोरीतून काढून ड्रममध्ये सोडली. ते पाणी स्वच्छच असतं, काचसामान पहिल्यांदा विसळायला चांगलं. ड्रम अजून तिथंच आहे.

बनवायच्या तीन रीती

पहिली रीत थेट वजनाची. बीकरमध्ये सुमारे ७०० मिली पाणी घ्या. ट्रायहायड्रेट ८.६४ ग्रॅम घालून ढवळा. मग २.१९ ग्रॅम आम्ल सोडा, नेहमी आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. द्रावण खोलीच्या तापमानाला आलं की सामू बघा, जुळवा, *मग* एक लिटरच्या मापी फ्लास्कमध्ये ओता. बीकर दोनदा थोड्या पाण्यानं विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच घाला आणि खुणेपर्यंत भरा. फ्लास्कच्या मानेवर २० किंवा २७ अंश असा आकडा छापलेला असतो. त्या तापमानालाच ती खूण खरी, म्हणून गरम द्रावण खुणेला नेऊ नका. आधी खुणेपर्यंत भरून मागून सामू जुळवायला बसलात, तर प्रत्येक थेंबाबरोबर लिटर वाढत जातो.

दुसरी रीत माझी आवडती. लिटरभर बफरसाठी दोन वेगळी द्रावणं करा: ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल (लिटरला ६.०१ ग्रॅम, म्हणजे सुमारे ५.७ मिली ग्लेशियल) आणि ०.१ मोलर सोडियम ॲसेटेट (लिटरला १३.६१ ग्रॅम ट्रायहायड्रेट). दोन्ही आपापल्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरलेली. आता क्षाराचं सुमारे ६५० मिली द्रावण मोठ्या बीकरमध्ये घ्या, मीटरचा इलेक्ट्रोड बुडवा आणि ढवळत ढवळत आम्लाचं द्रावण सोडत जा, मीटर ५.०० दाखवेपर्यंत. दोन्ही द्रावणं ०.१ मोलरच असल्यानं, कोणत्याही प्रमाणात मिसळा, एकूण ०.१ च राहतं. आम्ल जास्त पडलं? क्षाराचं द्रावण थोडं घाला. हवं तेवढं मागेपुढे करा, मोलॅरिटी हलत नाही, परका आयन आत येत नाही आणि शेवटी खुणेपर्यंत भरायची कटकट नाही. द्रावणं थोडी उरतात, एवढंच. सूत्राप्रमाणे ६३५ ला ३६५ चं प्रमाण यायला हवं, प्रत्यक्षात आम्ल त्यापेक्षा कमी लागेल. का ते पुढे.

तिसऱ्या रीतीत क्षाराची बाटली उघडायचीच नाही. पूर्ण ०.१ मोल ॲसेटिक आम्ल (६.०१ ग्रॅम) ७०० मिली पाण्यात घ्या आणि एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं सुमारे ६३.५ मिली द्रावण सोडा. जेवढं आम्ल उदासीन झालं, तेवढा क्षार तिथल्या तिथं तयार. सामू जुळला की लिटर पूर्ण करा. इथं स्फटिकजलाची भानगडच नाही. फक्त सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेत ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, त्यामुळे वजनावर विसंबू नका. द्रावण ऑक्झॅलिक आम्लाविरुद्ध प्रमाणित करून घ्या, किंवा सरळ मीटर सांगेल तिथं थांबा.

मीटर ४.९ दाखवतो, मग चुकलं कोण?

पहिल्या रीतीनं सगळं काटेकोर केलंत तरी मीटर ५.०० न दाखवता ४.९ च्या आसपास दाखवेल. चूक तुमची नाही. ४.७६ हा पीकेए अगदी विरळ द्रावणाचा. ०.१ मोलरच्या गर्दीत आयन एकमेकांना आवरतात आणि पीकेए व्यवहारात दशांशभर खाली येतो. फॉस्फेटचं हे आणखी ठळक: पुस्तकातला ७.२०, पण ०.१ मोलर बफरमध्ये ६.८ धरून चालावं लागतं. सूत्र तुम्हाला गावाच्या वेशीपर्यंत नेतं, पुढचं घर मीटरनं शोधायचं.

आपल्या उदाहरणात खुणेपर्यंत भरण्याआधी एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड साडेचार-पाच मिलीच्या आसपास थेंबाथेंबानं सोडलं की ५.०० येईल. पुढे गेलात तर हायड्रोक्लोरिक, मग परत हायड्रॉक्साइड, असा झोका खेळू नका. प्रत्येक फेरीला मीठ वाढतं. एवढ्यासाठीच दुसरी रीत बरी.

मीटर आधी सरळ हवा. सामू ५ मोजायचा तर ४ आणि ७ च्या प्रमाण बफरनं जुळवा, म्हणजे आपला आकडा दोघांच्या मध्ये येतो. बफर कॅप्सूल मिळतात, एक कॅप्सूल बहुधा १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात. पाकिटावरची मात्रा वाचून घ्या. तापमानाची कळ विसरू नका: २५ अंशांना इलेक्ट्रोड एका सामूमागे ५९.२ मिलिव्होल्ट देतो आणि ४० अंशांना ६२.१. वीज जाऊन आली असेल तर मीटर तापू द्या आणि पुन्हा जुळवा. इलेक्ट्रोड टिश्यूनं टिपा, घासू नका. काम झाल्यावर तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवलेला इलेक्ट्रोड हळूहळू सुस्त होतो, आणि आपल्याकडच्या निम्म्या सुस्त इलेक्ट्रोडांचं कारण तेच असावं असा मला संशय आहे.

ॲसेटेटची एक गोष्ट मात्र उन्हाळ्यात सुखाची. त्याचा पीकेए तापमानानं जवळपास हलत नाही. जीवरसायनाच्या कामातला ट्रिस बफर वापरणाऱ्यांनी जपावं, तो दर अंशाला सुमारे ०.०२८ नं घसरतो. २५ अंशांना बनवलेला ट्रिस ४० अंशांच्या खोलीत ०.४ नं खाली गेलेला असतो.

बफर खरंच बफर आहे का

आकडा बरोबर आला म्हणजे काम संपलं असं नाही. बफरच्या १०० मिलीत एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा १ मिली घाला. आत ३.६५ मिलिमोल आम्ल आणि ६.३५ मिलिमोल क्षार होता, तो ४.६५ आणि ५.३५ झाला. सामू ०.१८ च्या आसपास उतरेल. हाच १ मिली १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात घाला, सामू सरळ २ वर. दोन बीकर शेजारी ठेवून हे एकदा पोरांना करायला लावा, सूत्र पाठ करायची गरज उरत नाही.

बफर दहापट विरळ केला तर सामू फारसा बदलत नाही, कारण प्रमाण तेच राहतं. पण सहनशक्ती दहापट घटते. "सामू तोच आहे की" म्हणून पाणी घालून बफर पुरवणारे इथं फसतात.

आणि ड्रमातली ती चार लिंबं. दोनशे लिटर पाण्याची अल्कता वर धरली तेवढीच असेल, तर आत १.६ मोल बायकार्बोनेट आहे. कार्बोनिक आम्लाचा पीकेए ६.३५. तिथवर सामू आणायला निम्मं, म्हणजे ०.८ मोल आम्ल हवं. एका लिंबात साधारण दोन ग्रॅम सायट्रिक आम्ल धरलं तर तिशीच्या पुढं लिंबं लागतील. फोनवर हे सांगितलं तर पलीकडून उत्तर आलं, "मग सरबतच करून पितो की." सायट्रिक आम्लाची पूड सत्तर ग्रॅमच्या आसपास लागेल, पण आधी एका बादलीत थोडी थोडी घालून पट्टी बघायची आणि मग ड्रमचा हिशेब करायचा.

साठवण

ॲसेटेट आणि फॉस्फेट दोन्ही जंतूंना आवडतात. बाटली धुतलेली, झाकण घट्ट, फ्रीजमध्ये. दाट फॉस्फेट मात्र फ्रीजमध्ये तळाशी खडे धरतं. ते वापरण्याआधी कोमट करून पूर्ण विरघळवा, नाहीतर वरवरचं ओतलेलं द्रावण तुमच्या लेबलचं नसतं. लेबलवर नाव, मोलॅरिटी, सामू, कोणत्या तापमानाला मोजला, तारीख आणि बनवणाऱ्याची अक्षरं. कोणतं हायड्रेट वापरलं तेही लिहा, पुढच्या माणसाला त्याचा फार उपयोग होतो. बाहेर काढलेलं उरलं तर बाटलीत परत ओतू नका. आणि उजेडाकडे धरून बघितल्यावर कापसाच्या तंतूसारखं काही तरंगताना दिसलं, तर सामू कितीही बरोबर असो, मोरीत ओता.